नीटोबाचं पॅकेज

घरात त्याला सगळे नीटोबा म्हणत. हे नाव ताईने ठेवलेलं. लहानपणी वह्यांना कव्हर घालायला बसला आणि एक घडी तिरकी गेली, की गडी सगळा कागद उलगडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा. पुढे तो लिनक्सवर काम करणारा इंजिनिअर झाला, तेव्हा ताई म्हणाली होती, "बरं झालं. आता संगणकाला कव्हरं घाल."

ताई शाळेत गणित शिकवायची आणि बोलण्यात कुणाला हार जायची नाही. मग तिला तो आजार जडला, ज्यात एकेक स्नायू संपावर जातो. आधी पाय गेले, मग हात, मग जीभ. डोकं मात्र लख्ख. शेवटी उजव्या हाताचं एक बोट तेवढं तिचं ऐकत होतं.

त्या बोटासाठी भाऊजींनी खटपट करून एक बटण मिळवलं. पडद्यावर अक्षरांवरून एक चौकट सरकत राहायची. हव्या त्या अक्षरापाशी बटण दाबलं की अक्षर उमटायचं, आणि वाक्य पुरं झालं की लॅपटॉप ते मोठ्याने बोलायचा. अडचण एवढीच, की बटण बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती आणि ताईचा लॅपटॉप त्या बटणाला ओळखच द्यायला तयार नव्हता.

"कर्नल बदलावा लागेल," नीटोबा म्हणाला.

"फौजेतला?" भाऊजींनी विचारलं.

ताईच्या घशातून हसल्यासारखा आवाज आला. नीटोबाने समजावलं, की कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. कुठलं यंत्र ओळखायचं आणि कुठलं नाही, ते तोच ठरवतो. त्यात थोडी भर घालून तो नव्याने बांधायचा.

पुढच्या रविवारी तो घरी बांधलेला कर्नल घेऊन आला. फायली हातानेच जागच्या जागी ठेवल्या, लॅपटॉप बंद करून चालू केला. बटण चाललं. ताईने बराच वेळ घेऊन पहिलं वाक्य लिहिलं आणि लॅपटॉप कोरड्या आवाजात बोलला, "नीटोबा, केस काप."

भाऊजी हसता हसता स्वयंपाकघरात निघून गेले आणि डोळे पुसून आले. ताईने दुसरं वाक्य सुरू केलं होतं. नीटोबाचं मात्र लक्ष उडालं होतं. हे सगळं हाताने बसवलेलं. उद्या अपडेट आलं की नवा कर्नल येणार, लॅपटॉप त्याच्यावर सुरू होणार आणि बटण पुन्हा मुकं.

"हे कच्चं आहे," तो म्हणाला. "मी याचं नीट पॅकेज करून आणतो, सगळं एका गठ्ठ्यात बांधलेलं. एका आज्ञेत बसेल आणि अपडेट आलं तरी टिकेल. आज बटण घेऊन जातो, तपासायला लागेल."

"राहू दे की रे असंच," भाऊजी म्हणाले. "बंद पडलं तर तुला फोन करू."

"तेच तर नको, भाऊजी. मी कामात असेन आणि ही इथे ताटकळत बसेल. झालंच म्हणून समजा."

ताईचं बोट बटणावरच होतं. त्याने ते अलगद उचलून बाजूला ठेवलं, घातलेला कर्नल काढून टाकला आणि बटण खिशात घातलं.

पॅकेज काही लगेच झालं नाही. पहिलं बसलं, पण त्याच्या घरचा लॅपटॉप सुरू होताना नवा कर्नल यादीतच दिसेना. ते सुधारलं तर खात्रीची डिजिटल सही नसलेला कर्नल म्हणून यंत्राने तो नाकारला. मग अपडेटबरोबर नवं पॅकेज आपोआप तयार व्हावं, याची सोय केली. तीही झाली, तेव्हा पॅकेजचं वर्णन पुन्हा लिहायला घेतलं. भाऊजींचा फोन यायचा. "एवढा रविवार जाऊ द्या," तो म्हणायचा. असे किती रविवार गेले, याचा हिशोब त्याने ठेवला नाही.

अखेर तो आला. एका आज्ञेत पॅकेज बसलं. मुद्दाम एक अपडेट घालून पाहिलं, तरी बटण शाबूत. त्याने ताईचं बोट उचलून बटणावर ठेवलं. चौकट पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत गेली, परत फिरली, पुन्हा गेली. बोट हललं नाही.

"गेल्या आठवड्यापासून जरा मंद होतं," भाऊजी हळूच म्हणाले. "मला वाटलं, दमली असेल."

त्याने बटण गालाशी धरून पाहिलं, अंगठ्याखाली सरकवून पाहिलं. दाबण्याएवढा जोर कुठेच उरला नव्हता.

भाऊजींनी अक्षरं लिहिलेला पुठ्ठा आणला. ते एकेका अक्षरावर बोट ठेवत जायचे, हवं ते आलं की ताई पापणी मिटायची. तसं एकेक अक्षर जोडून तिने विचारलं, "तेव्हा का नेलंस?"

"पॅकेज करायचं होतं," तो म्हणाला. ताईने नजर खिडकीकडे वळवली.

पुढे ते बटण तिच्याच फिजिओथेरपिस्टच्या ओळखीतल्या, तोच आजार झालेल्या एका ट्रक ड्रायव्हरला दिलं. त्याच्या घरी जाऊन नीटोबाने पॅकेज घातलं. त्या माणसाने पहिल्या फटक्यात बायकोला ऐकवलं, की ती गाडी फार वाईट चालवते. बायको हसून हसून रडली. नीटोबा दारातच उभा राहिला.

रविवारी त्याने ते ताईला सांगितलं. ताईचे डोळे हसले. भाऊजी औषधं आणायला गेले होते, म्हणून पुठ्ठा त्याने हातात घेतला. पण अक्षरं दाखवण्याआधी तोच बोलला.

"ताई, त्या दिवशी मी खोटं बोललो. ते कच्चं तुझ्याकडे तसंच चालू ठेवूनही पॅकेज करता आलं असतं. तपासायला बटण तर मी दुसरं कुठूनतरी शोधलं असतं. पण ते कच्चं बंद पडलं, की दर वेळी मला यावं लागलं असतं. इथे बसून तुझ्याकडे बघवत नव्हतं मला. तिकडे घरी पॅकेज करताना काही बिघडलं, की काय बिघडलं ते निदान पडद्यावर लिहून तरी यायचं."

ताईने पुठ्ठ्याकडे पाहिलं. तो अक्षरांवरून बोट नेऊ लागला. त्याचा वेग चुकायचा. तिची पापणी मिटेपर्यंत बोट पुढे गेलेलं असायचं, मग मागे यायचं. "मा" मिळाला, "ही" मिळाला.

"माहीत होतं?" त्याने घाईने विचारलं.

ताईने होकाराची पापणी मिटली आणि बराच वेळ उघडली नाही. पुठ्ठ्याच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवून तो ती उघडायची वाट बघत बसला.