झडपेखालची होडी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी झडप आहे आणि मला फार भीती वाटते. हसू नका. चार माणसांनी दोराने ओढल्याशिवाय जी वर उठत नाही, तिला कसली आलीय भीती, असं तुम्ही म्हणाल. पण मला माझ्या वजनाचीच भीती वाटते.

वसईच्या खाडीकाठी आमच्या गावाचा मातीचा बांध आहे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला मिठागराचं तळं आणि मधे उघाडी, म्हणजे पाण्याची वाट. १९७२ साली प्लासिड सुताराने मला त्या वाटेवर बसवलं. भरतीला मला वर ओढत, तळं भरलं की खाली सोडत. मिठागरवाला हिरामण माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "थेंब गलत नाय!" मला कोण आनंद व्हायचा!

वर्षातली एक ओहोटी मात्र होडीवाल्यांची. मे महिन्यात गावच्या सणाला भरल्या तळ्याचं पाणी खाडीकडे सोडायचं आणि त्या लोंढ्यातून लहान होड्या हाकायच्या. पाणी चांगलं उसळावं म्हणून होडीवाल्यांच्या सिप्रियनकाकांनी पुढच्या वाटेत मोठे दगड मुद्दाम तिरके बसवले होते. बघायला सगळं गाव बांधावर लोटायचं.

त्या दिवशी मला वर अडकवायला चौकटीच्या दोन खांबांतल्या भोकांत दोन खुंट्या ठोकत. एक मिठागरवाल्यांची, एक होडीवाल्यांची. ज्याची त्यानेच ठोकायची, म्हणजे दोघांची संमती झाली. माझा अर्धा अर्धा भार त्या दोन खुंट्यांवर असायचा.

१९७९ साली बिनसलं.

"मीठ धरायच्या दिवसांत तळं रिकामं करू? पानी माझं हाय," हिरामण म्हणाला.

"एक ओहोटी आमची. तुझ्या बापाने शब्द दिलाय," सिप्रियनकाका म्हणाले.

हिरामण रुसून बांधावर जाऊन बसला, खुंटी कमरेला खोचून. होडीवाल्यांनी मला वर ओढलं, आपली खुंटी ठोकली आणि दोर सोडला. दुसरं भोक रिकामंच.

"तिथे काहीतरी ठोका रे," प्लासिड म्हणाला.

"त्याच्या भोकाला हात लावायचा नाय," काका म्हणाले. "उद्या म्हणेल, माझा हक्क मारला."

मी एकाच खुंटीवर तिरकी लटकले. पहिली होडी गेली, दुसरी गेली. खुंटी करकरू लागली. पण त्या आरडाओरड्यात ऐकणार कोण? तिसऱ्या होडीत काकांची लेक फ्लॉसी होती. शिवणाच्या क्लासला जाणारी ती पोरगी त्या पाण्यात पहिल्यांदाच उतरली होती. होडी आडवी झाली आणि नेमकी माझ्याखाली अडकली.

खुंटीला तडा गेला. मी बोटभर घसरले. मग आणखी बोटभर. फ्लॉसीचं डोकं अगदी माझ्या कडेखाली होतं आणि मला स्वतःला थांबवता येत नव्हतं. मला तोंड असतं तर मी किंचाळले असते.

हिरामणने ते पाहिलं. तो धावत आला आणि आपली खुंटी भोकात घातली. ठोकायला दगड शोधण्याइतका वेळ नव्हता, म्हणून हातानेच रेटू लागला. तेवढ्यात होडीवाल्यांची खुंटी मोडली. मी सगळ्या भारानिशी त्याच्या बाजूला कलले आणि त्याच्या खुंटीवर अडकले. लोकांनी फ्लॉसीला ओढून काढलं. हिरामणची दोन बोटं मात्र माझ्याखाली चिरडली गेली.

काका त्याचा हात आपल्या शर्टात गुंडाळताना रडत होते. "भोक तुझं होतं रे, पोरगी तर माझी होती."

"मी पन बसून बघत होतो ना, सिप्रू," हिरामण कण्हत म्हणाला.

पुढे ती ओहोटी कोणी मागितली नाही. १९८५ साली लोखंडी झडप आली. मला मिठाच्या कोठाराच्या भिंतीला नुसतं टेकवून ठेवलं आणि सगळे विसरून गेले. माझ्या बुडाशी वाळवी लागली आहे.

तुम्ही तिथे लपाछपी खेळता, मित्रांनो, आणि माझ्याच मागे येऊन लपता. तुमची डोकी मला दिसतात. तुम्ही आत गुपचूप बसता आणि मी घाबरून ज्याच्यावर राज्य आहे त्याची वाट पाहते, त्याने लवकर येऊन तुम्हाला शोधून काढावं म्हणून. माझ्यामागे लपू नका. घरी जा, मोठ्या माणसांना बोलवा आणि मला जमिनीवर आडवी पाडायला सांगा. मग माझ्यावर खुशाल उड्या मारा.