गैरहजेरीचा भाव

मतदान दुपारी चारला होतं आणि सकाळी नऊलाच स्टेलानने सिग्ब्रिटला सांगून टाकलं की तिचं डोकं दुखतंय.

"माझं डोकं अजिबात दुखत नाहीये," ती म्हणाली.

"चारपर्यंत दुखेल." त्याने तिच्यापुढे कॉफी सरकवली, शेजारी वेलदोड्याचा बन ठेवला. स्टेलान बन ठेवतो तेव्हा काहीतरी मागणार असतो, हे सिग्ब्रिटला पंचवीस वर्षांपासून ठाऊक होतं. तो पक्षाच्या खासदारांचा म्होरक्या होता. मतदानाच्या दिवशी मुंडकी मोजायची आणि कमी पडली तर जमवायची, हे त्याचं काम.

स्टॉकहोमच्या संसदेत एक जुनी रीत आहे. समोरच्या बाजूचं कुणी आजारी पडलं की आपल्याही बाजूच्या एकाने मतदानाला यायचं नाही. फिट्टंफाट. कुणाच्या आजारपणाचा कुणी फायदा घ्यायचा नाही. रीत सभ्य आहे, आणि सभ्य रीतीचाच सगळ्यांत घाणेरडा वापर करता येतो. ज्याला पक्षाच्या विरोधात मत द्यायचंय, नेमकं त्यालाच घरी बसवायचं. साप मरतो, काठी मोडत नाही, आणि घरी बसलेला खासदार गावी जाऊन सांगायला मोकळा, की बाबांनो, मी काही त्या कायद्याला हो म्हटलेलं नाही.

त्या दिवशी विरोधी बाजूची एक बाई खुब्याचं हाड मोडून इस्पितळात पडली होती. एरवी, सगळे हजर असले की, सरकारकडे तीन मतं जास्त असायची. सरकारी बाजूच्या दोघांनी कायद्याला नाही म्हणायचं ठरवलं होतं: एक सिग्ब्रिट हुल्टमार्क आणि दुसरा उत्तरेकडचा एवर्ट. त्या बाईच्या बदल्यात सरकारने आपला एखादा मुकाट माणूस बाहेर ठेवला आणि या दोघांनी नाही म्हटलं, तर कायदा एका मताने पडत होता. पण या दोघांपैकीच कुणी बाहेर राहिलं, तर तो एका मताने तरत होता. सिग्ब्रिटने हे एका पाकिटाच्या मागे तीनदा मांडून पाहिलं होतं. तीनही वेळा उत्तर तेच आलं.

कायदा असा होता, की देशाच्या हद्दीतून आत-बाहेर जाणारी तारेवरचा प्रत्येक संदेश आधी लष्कराच्या कानावरून जाणार. फोन, इंटरनेटवरची पत्रं, निरोप, सगळं. संशय असो वा नसो.

"तू फक्त घरी जा," स्टेलान म्हणाला. "हेरिंग मासे आण, नवे बटाटे आण. शुक्रवारी सण आहे. तुझी सदसद्विवेकबुद्धी साफ, माझा कायदा पास."

"तुझा कायदा? स्टेलान, त्या मोर्चात तू माझ्याबरोबर चालला होतास."

खरंच चालला होता. कामगार संघटनांच्या निधीने कारखान्यांचे शेअर हळूहळू विकत घ्यायचे, असा बेत निघाला होता त्या साली देशभरचे कारखानदार राजधानीत मोर्चाला आले होते. आयुष्यात कधी मोर्चात न गेलेली माणसं ती. घोषणा देताना लाजत होती. सिग्ब्रिटचा स्मोलांडमधल्या एका खेड्यात बिजागऱ्यांचा कारखाना होता, बावीस माणसांचा. ती चांगले बूट घालून आली आणि टाचा सोलून निघाल्या. शेजारून चालणाऱ्या एका तरुणाने खिशातून चिकटपट्टी काढून दिली, तोच स्टेलान. पुढे तिची भाषणं त्यानेच लिहिली. 'सरकारला नाक असू द्या, पण ते आमच्या दारात खुपसू देऊ नका.' चौकातल्या पक्षाच्या लाकडी खोपटात उभी राहून, येणाऱ्या-जाणाऱ्याला कॉफी पाजत, ती हे वाक्य सहा निवडणुका म्हणत आली होती. त्याच्या जोडीला तिचं स्वतःचंही एक होतं: 'एक दुकान असलं की गिऱ्हाईक गुलाम. दोन असली की भाव पडतो.' लोकांना ते आवडायचं. बिजागऱ्या विकणाऱ्या बाईच्या तोंडी ते शोभायचंही.

"करखात्याच्या माणसाला माझ्या कारखान्यातलं कपाट उघडता येऊ नये म्हणून तू आणि मी चार वर्षं भांडलो," ती म्हणाली. "परवानगीशिवाय एक खण नाही. आठवतं? आणि आता लष्कराने माझ्या परदेशातल्या मुलीची पत्रं उघडावीत?"

"उघडणार नाहीत. यंत्र चाळेल. शिवाय व्यापाराला सुरक्षितता लागते, सिग्ब्रिट. बाजार हवेत उभा राहत नाही."

"म्हणजे पैसा खाजगी आणि माणूस सार्वजनिक."

"कर नाही त्याला डर कशाला?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाक्य नवं नव्हतं. ते तिने स्वतः उच्चारलं होतं, आईच्या स्वयंपाकघरात, सख्ख्या भावाच्या तोंडावर.

तिचा थोरला भाऊ तूरे लाल झेंड्यावाला होता. टेलिफोनच्या कारखान्यात चांगला कारागीर. एका सोमवारी त्याला फाटकावरूनच परत पाठवलं, कारण सांगितलं नाही. पुढे सात ठिकाणी अर्ज केले, सातही ठिकाणी आधी हसून चहाकॉफी आणि आठवड्याने नकार. तो म्हणायचा, कुणीतरी माझं नाव लिहून ठेवलंय. सिग्ब्रिट तेव्हा एकवीस वर्षांची होती आणि तिला सगळं कळत होतं. ती म्हणाली, "सगळं सरकारच्या मालकीचं करायला निघालास, आता सरकार तुझ्याकडे बघतंय तर रडतोस कशाला? कर नाही त्याला डर कशाला?" तूरे पुढे आयुष्यभर दुसऱ्यांच्या सायकली दुरुस्त करत राहिला. अठ्ठावीस वर्षांनी गुप्त पोलिसांकडची त्याची फाईल बघायला मिळाली तेव्हा तिच्यात तो कोणत्या सभेला गेला, कुणाबरोबर जेवला, सगळं होतं. अर्ध्या ओळी काळ्या शाईने झाकलेल्या. ती फाईल त्याने बहिणीसमोर टेबलावर ठेवली होती. तिने चाळली, मिटली आणि विचारलं, बटाटे उकडू का? माफी मागायला जीभ उचलली नव्हती.

"मी चारला माझ्या खुर्चीत असेन," ती स्टेलानला म्हणाली. "आणि लाल बटण दाबेन."

"पुढच्या निवडणुकीच्या यादीत तुझं नाव कितवं येईल, याची खात्री देता येणार नाही."

"बिजागऱ्या करायला यादी लागत नाही."

त्याने खांदे उडवले. चिडला नाही, विनवलं नाही, दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही. हे तिला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण रागाच्या भरात माणसाला स्वतःचाच आवाज ऐकू येतो. बन रुमालात गुंडाळून तिने पर्समध्ये टाकला, कारण अन्न टाकायची तिला सवय नव्हती.

आदल्या दिवशी जेवताना एवर्टने तिच्या हातावर हात ठेवला होता. "मी चारला खुर्चीत बसतोच बघ," तो म्हणाला होता. उत्तरेकडची माणसं कमी बोलतात, आणि कमी बोलणारा खरं बोलतो अशी दक्षिणेकडच्यांची एक भाबडी समजूत आहे.

चार वाजता घंटा झाली. खासदार आपापल्या जागी बसले. भिंतीवरच्या फळ्यावर हिरवे आणि लाल दिवे लागू लागले. सिग्ब्रिटने लाल बटण दाबलं. मग तिने वळून मागच्या रांगेत पाहिलं. एवर्टची खुर्ची रिकामी होती.

एकशे चौऱ्याहत्तर हो. एकशे त्र्याहत्तर नाही. सभापतींनी हातोडा आपटला आणि पुढचा विषय पुकारला. तो मत्स्यपालनाचा होता.

ती स्टेलानला जिन्याजवळ गाठेपर्यंत तो दोन सहकाऱ्यांशी हात मिळवून मोकळा झाला होता.

"एवर्ट कुठे आहे?"

"गाडीत असेल. साडेनऊला निघाला."

"म्हणजे मी नाही म्हटल्यावर तासाभरात."

"तासभर कुठला. वीस मिनिटं." स्टेलान हसला. त्या हसण्यात दुष्टावा असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो मित्रासारखाच हसत होता. "आठ वर्षं तो गावचं रेल्वे स्टेशन परत उघडा म्हणून मागे लागलाय. शरदात उघडेल. चिडू नकोस. मला एकच माणूस कमी करायचा होता, आणि माझ्यासमोर दुकानं दोन होती. दोन असली की भाव पडतो. हे मला कुणी शिकवलं?"

सहा निवडणुका, चौकातलं खोपट, हजारो कागदी पेले, आणि त्या सगळ्यातून या माणसाने उचललं काय, तर हे.

"बाजारात माणूस स्वतःची वस्तू विकतो, स्टेलान," ती म्हणाली. आवाज चढला होता आणि जिन्यावरची माणसं थांबली होती, थांबोत. "एवर्टने दुसऱ्यांची पत्रं विकली. माझी, तुझी, त्या इस्पितळातल्या बाईची. आणि तू ती घेतलीस. चोरीचा माल घेणाऱ्याला आमच्या गावात व्यापारी म्हणत नाहीत."

"तुझं मत तर नोंदलं गेलं ना? सगळ्यांना दिसेल. तुझे हात स्वच्छ आहेत."

"माझे हात स्वच्छ ठेवायला मी आले नव्हते. कायदा पाडायला आले होते."

तिने पर्स उघडली, रुमालातला बन काढला आणि त्याच्या हातात दिला. त्याने तो घेतला. दुसरं काय करणार? एवढ्या माणसांत, नव्या कोटात, हातात चपटलेला बन घेऊन तो उभा राहिला आणि पहिल्यांदाच त्याचं हसू मावळलं. तिला त्यात काही समाधान वाटलं नाही. तो कायदा जिंकून उभा होता आणि ती हरून.

बाहेर पुलावर ऊन होतं. लोक सणासाठी बर्चच्या डहाळ्या घेऊन चालले होते. सिग्ब्रिटने कठड्याला टेकून तूरेला फोन लावला.

"बोला, मालकीणबाई," तो म्हणाला. "रेडिओवर ऐकलं. तुमचा बाजार मोकळा झाला म्हणे, आणि माणसं आत."

"तूरे, ऐक. मला काहीतरी सांगायचंय. पस्तीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं."

पलीकडे सायकलचं चाक फिरत होतं ते थांबलं. "फोनवर सांगू नकोस बाई," तो म्हणाला, पण थट्टेची धार बोथट झाली होती. "पोस्टकार्ड टाक. ते निदान सगळ्यांना उघड वाचता येतं."

"नाही. फोनवरच सांगणार." ती मोठ्याने बोलू लागली. डहाळ्या घेतलेलं एक जोडपं वळून बघू लागलं. "जो कुणी ऐकत असेल त्याने लिहून घ्या. मी सिग्ब्रिट हुल्टमार्क. माझ्या भावाने काहीही केलं नव्हतं. त्याचं नाव लिहिणारे चुकले. आणि त्याला 'कर नाही त्याला डर कशाला?' असं विचारणारी मी, मी त्यांच्याहून जास्त चुकले, कारण मी त्याची बहीण होते. त्याची माफी मागते. लिहिलंत?"

तूरेने नाक ओढलं.

"धाकटे," तो म्हणाला, "अजून कुणी ऐकत नसेल गं. कायदा जानेवारीपासून लागू आहे."

"ठीक आहे," सिग्ब्रिट म्हणाली. "मग जानेवारीत पुन्हा फोन करते."