सर्जेरावाचं कौतुक

आधीच सांगून ठेवते, प्रांजलीशी माझं वाकडं न्हाई. माझी धाकटी जाऊ हाये ती, माहेर बदनापूरचं, बोलायला मऊ, कामाला वाघीण. पण तिचं कौतुक सुरू झालं की माझ्या पोटात दुखतं, त्याला मी काय करू?

ती लग्न होऊन राजूरला यायच्या आधी या घरात कॉम्प्युटरचं माणूस म्हणजे मी एकटी. पुण्याच्या एका कंपनीसाठी मी घरी बसून मोबाइलचे गेम बनवते. चतुर्थीला गणपतीच्या दर्शनाला आलेले पाहुणे घरी टेकले की सासूबाई मुद्दाम मला चहा घेऊन पुढं बोलवायच्या. "ही आमची अक्षता. हिनं बनवलेले खेळ लोक फोनवर खेळतात." मी लाजल्यासारखं करायचे. आतून लई बरं वाटायचं.

मंग प्रांजली आली, आन् वर्ष सरायच्या आत तिनं 'दावण' बनवली.

गेम ज्या मोठ्या सॉफ्टवेअरवर बनतो त्याला इंजिन म्हणतात. त्याच्या सारख्या नव्या आवृत्त्या निघतात, आन् जुन्या आवृत्तीतला गेम नवीत उघडला की बैल हवेत पळतात आन् जमीन गायब होते. म्हणून आम्हाला जुन्या-नव्या साऱ्या आवृत्त्या सांभाळाव्या लागतात, आन् कोणत्या गेमला कोणती, ह्याचा कायम घोळ. प्रांजलीची दावण म्हणजे, कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची, बस. हवी ती आवृत्ती उतरते आन् ज्या त्या गेमला बांधली जाते. 'साफ' म्हणलं की कामात नसलेल्या आवृत्त्या पुसून जागा मोकळी. आन् हे सारं तिनं जगाला फुकट देऊन टाकलं. नाव बी काय ठेवलं बघा, गोठ्यात गुरं बांधतात ती दावण! ते तरी मला सुचायला पाहिजे होतं.

मंग काय विचारता! ब्राझीलचा कोण, पोलंडचा कोण, तिला धन्यवाद लिहून राह्यले. सासूबाईंना ब्राझील कुठं हाये ठाऊक न्हाई, पण पाहुण्यांना सांगायला लागल्या, "आमच्या प्रांजलीला ब्राझीलवरून निरोप येतात." आता चहा घेऊन ती पुढं आन् मी मागं गॅसपाशी.

"जाऊबाई, तुम्ही वापरून बघा ना दावण," एकदा ती म्हणाली. "तुम्ही चुका काढल्या तर मला लई कामाचं होईल."

"माझं हातानं बराबर चालतं," म्या म्हणलं. "मला न्हाई लागत असली खेळणी."

तोंड एवढंसं झालं तिचं. झालं तर झालं.

दुसऱ्या दिवशी म्या दार लावून गुपचूप दावण उतरवून घेतली. झकास होती हो! त्याचाच तर राग. भंगार असती तर दोन शब्द बोलून मोकळी झाले असते. मी रोज वापरायला लागले, आन् ती खोलीत आली की मी ती काळी खिडकी जल्दी बंद करायचे.

मंग एक दिवस म्या 'साफ' म्हणलं, आन् माझ्या शंकरपटाच्या, बैलांच्या शर्यतीच्या, गेमची आवृत्तीच पुसली गेली! दुसऱ्या दिवशी तो गेम कंपनीला दाखवायचा होता. आमच्याकडचं नेट तुम्हाला ठाऊकच हाये. आवृत्ती पुन्हा उतरेस्तोवर माझा जीव टांगणीला. चूक कुठं झाली ते म्या शोधून काढलंच. म्या फोल्डरला 'शंकरपट' असं आपल्या अक्षरात नाव दिल्तं. प्रांजली पडली इंग्रजी शाळेतली, तिच्या दावणीला इंग्रजी अक्षराचेच फोल्डर दिसायचे. माझा गेम तिला दिसलाच न्हाई, म्हणून आवृत्ती बिनकामाची समजून पुसली.

काय आनंद झाला मला! सापडली बाई एकदाची चूक! पण सांगणार कशी? सांगायचं म्हणजे मी दावण वापरते हे कबूल करायचं. ते तर बिलकुल जमणार न्हाई.

म्हणून म्या दुसऱ्या नावानं ईमेलचं खातं काढलं. माहेरी, धावड्याला, आमचा एक मारका बैल होता, सर्जा. त्याला राव जोडलं आन् सर्जेराव झाले. प्रांजलीला इंग्रजीत ऐसपैस पत्र लिहिलं. काय बिघडतं, काऊन बिघडतं, कसं सुधारायचं, सगळं बराबर. तिथंच थांबायचं. पण हात थांबंना. खाली लिहिलं की अर्धवट शिकलेल्या बाईनं जगाला अवजारं वाटू नयेत, चुलीपुढं बसून भाकऱ्या थापाव्यात. पाठवलं, आन् अंग हलकं झालं.

प्रांजलीनं चूक सुधारली, आन् ती सर्जेरावानं काढली हे बी जाहीर केलं. आन् मंग चीनचे, जपानचे, इराणचे लोक लिहायला लागले. त्यांच्या बी आवृत्त्या अशाच पुसल्या जात होत्या, काऊन ते कोणालाच उमगत नव्हतं. सगळे सर्जेरावाचे आभार मानून राह्यले.

जेवताना प्रांजली सासूबाईंना सांगायला लागली, "आत्याबाई, सर्जेराव नावाच्या एका माणसानं इतकी बारीक चूक काढली ना! मला सात जन्मात सापडली नसती."

"आपल्यातलाच दिसतो की," सासूबाई म्हणाल्या. "केवढा हुशार! अक्षता, तू बी शीक काहीतरी असल्या माणसाकडून."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुढच्या चतुर्थीला पाहुण्यांपुढं प्रांजलीच्या जोडीला सर्जेराव! जो माणूस जगात न्हाई, त्याच्यावर मी जळून राह्यले. भाजी ढवळताना त्याला शिव्या घालायचे. मेल्या, अक्कल माझी आन् मिशीला पीळ तू देतोस?

तरी गप होते. पण मागच्या आठवड्यात जेवायला बसल्यावर प्रांजली म्हणाली, "सर्जेरावाला म्या विचारलंय, माझ्यासंगं दावण सांभाळता का म्हणून. हो म्हणले तर माझ्या शेजारी त्यांचं नाव लावणार, बराबरीनं."

म्या ताट बाजूला सारलं.

"तो सर्जेराव मीच हाये," म्या म्हणलं.

मंग आमचे हे, हरिओम, खो खो हसायला लागले. "अगं, तूच म्हणली होतीस ना, असली खेळणी मला लागत न्हाई?"

"किती जळशील गं बाई?" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "आता परक्या माणसाचं नाव बी घेऊन राह्यली."

"थांबा, दाखवतेच!" म्या फोन ओढला. खातं उघडलं. पत्र समोर आलं, माझ्या हातचं. सासूबाईंनी हात पुढं केला. इंग्रजी त्यांना येत न्हाई, पण यांना येतं, आन् प्रांजलीला येतं.

"जाऊबाईंना हसू नका," प्रांजली म्हणाली. "पण सर्जेराव म्हणजे त्या न्हाईत. म्या तुम्हाला सांगितलं न्हाई, त्या माणसानं शेवटी लई वंगाळ लिहिल्तं. वाचून म्या दिवसभर रडले. चूक खरी होती म्हणून गिळलं. जाऊबाई रागीट हायेत, मला टोचून बोलतात, पण असलं त्या मला कधीच लिहिणार न्हाईत."

सासूबाईंचा हात तसाच पुढं. "दाखव की. बघू."

"मस्करी केली म्या," म्हणलं, आन् फोन बंद केला.

"बघा, म्या म्हणलंच होतं," प्रांजली हसली. तिला लई बरं वाटलेलं दिसलं.

आता रोज सकाळी ती आपला कॉम्प्युटर उघडून बघते, सर्जेरावाचं उत्तर आलं का. आज माझ्याजवळ येऊन बसली.

"जाऊबाई, काऊन देत नसतील हो ते उत्तर? माझ्यावर रागावले असतील का?"

"मला काय ठाऊक," म्या म्हणलं.