दौलतबाबांचं न मोडणारं बिट

उल्हासनगरच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात दौलतबाबांच्या टपरीपुढे पॉलिटेक्निकच्या पोरापोरींची इतकी गर्दी उसळली, की शेजारच्या भेळवाल्यानं गाडीच हलवली. बाबांचा चमत्कार एक मिलिमीटर जाडीचा होता. घरी सर्किट बोर्ड बनवताना भोकं पाडायचं ड्रिल बिट! पोरांची बिटं पटापट तुटत. बाबांचं, भस्म लावलेलं, तुटतच नसे.

"पाच बिटं गेली ना, बेटा? तुझ्या हातालाच शनी लागलाय," बाबा गर्दीतल्या राजसीला म्हणाले. "लाइन बदल. नाहीतर सिद्ध बिट घे. लिंबू फ्री."

राजसीचा चेहरा उतरला. सोमवारी प्रोजेक्ट द्यायचा होता आणि ती खरोखरच कॉमर्सचं बोलू लागली होती. सोबत आलेल्या यशोधरामावशीला हे शनीपेक्षा भयंकर वाटलं. मोरिवलीच्या कारखान्यात तिनं बावीस वर्षं बोर्डांना भोकं पाडली होती. खंडेनवमीला तिथं मशिनला झेंडूचा हार पडे, पण बिट भोकं मोजूनच बदलत. हाराकडे बघून कुणी दहा भोकंही जास्त पाडली नव्हती.

"बाबा, दाखवा की चमत्कार," मावशी म्हणाली.

बाबांनी हातात मशिन धरून तपकिरी बोर्डाला दहा भोकं पाडली. बिट शाबूत. टाळ्या!

मावशीनं पिशवीतून हिरवट बोर्ड काढला. "आता यावर. मी थांबा म्हणेपर्यंत."

"देवाची परीक्षा घेता, ताई?"

"देवाची कशाला? बिटाची."

मावशी मोठ्यानं मोजू लागली. तिसाव्या भोकाला बिट किंचाळलं, पस्तिसाव्याला धूर निघाला.

"अग्निदेव प्रसन्न झाले!"

"धार गेली," मावशी म्हणाली. बिट गार झाल्यावर तिनं ते बोटानं दाबलं. ते लवलं आणि पुन्हा सरळ झालं. "साधं पोलाद आहे. हात हलला तरी लवतं, म्हणून तुटत नाही. बाबांचा बोर्ड कागदाचा, मऊ. माझ्या बोर्डात काचेचे धागे आहेत, ते पोलादाची धार खातात. पोरांनो, तुमची बिटं कार्बाइडची, पोलादाहून कडक. काचेला दाद देत नाहीत, पण ठिसूळ. हात जरा तिरका झाला की कट्!"

समोरच्या कैलासच्या दुकानात मशिन सरळ धरून ठेवणारा ड्रिल स्टँड होता. राजसीनं त्यात मशिन बसवलं, कार्बाइडचं बिट लावलं आणि आपल्या तशाच हिरवट बोर्डाला सरळ भोकं पाडत गेली. गर्दी मोजत होती. पंधरा झाली, बिट जसंच्या तसं.

"मावशी, शनी?"

"स्टँड नव्हता, बाई. शनीचं काय घेऊन बसलीस!"

बाबांनी टपरी आवरली. लिंबं भेळवाल्यानं नेली, ती सत्कारणी लागली.

तेव्हा मंडळी, हातानं भोकं पाडायची तर पोलादी बिट घ्या, बोथट झालं की बदला. काचेच्या बोर्डाला कार्बाइड, पण स्टँडवर. आणि कुणी तुमच्या हाताला दोष दिला, तर हात पुढे करण्याआधी त्याचा बोर्ड तपासा.