चौथं कडवं

"काका, भोंगा झाला की दोन मिनिटं मोजायची आणि चाक फिरवायचं. हे घ्या घड्याळ," इंजिनीअरबाई म्हणाल्या.

भोंगेकाकांनी घड्याळ उलटंसुलटं पाहिलं आणि परत दिलं. "माझं मोजमाप तोंडात आहे, बाई."

"म्हणजे?"

"देवाचं गाणं म्हणतो. चार कडवी. बापानं शिकवलेलं. चौथं संपलं की पाणी सोडायचं."

"आणि खालचे होडीवाले झोपले तर?"

"माझ्या गाण्यानं झोप उडते. वहिनींना विचारा."

वहिनी, त्यांच्या थोरल्या भावाची बायको, खाली काठावर छत्री धरून बसल्या होत्या. दादा गेल्यापासून दीर-भावजय एकाच घरात राहत. पलीकडे मांडवात उद्घाटनाला आलेले पाहुणे खुर्च्यांवर बसले होते. जुना बंधारा पाडला होता. त्याच्या पायथ्याशी पाणी जागच्या जागी गरगरायचं आणि सापडलेल्या माणसाला सोडायचं नाही. आता तिथं मोठमोठे दगड रचून लांबलचक उतार केला होता, म्हणजे पाणी उड्या मारत जाईल आणि होड्याही. काठाचे बांधही फोडले होते. पुरानं आपल्या जुन्या कुरणात पाहिजे तेवढं लोळावं. नदी तूर्त बाजूच्या कालव्यात वळवली होती. तिला घरी आणणारा एकच जुना दरवाजा शिल्लक होता, आणि त्याचं चाक कुठं अडतं हे एकट्या काकांना ठाऊक.

बंधारा पडला तसा त्याचा अखंड घोष थांबला. तेव्हापासून काकांची झोप गेली होती. इतकी वर्षं तो आवाज काहीतरी झाकून होता. आता भर दुपारीही कोरड्या पात्रातून दादाचा खाकरा ऐकू यायचा. काकांचं गाणं सुरू होण्याआधी दादा खाकरायचा, तसाच.

उताराच्या मधोमध एक चपटा दगड होता. दादाचा. पाणी दुभंगायला बरा म्हणून इंजिनीअरबाईंनी तो तिथंच ठेवला होता. दादा त्याच्यावर बसून गळ टाकायचा. भोंगा झाला तरी हलायचा नाही. "अरे, चौथं कडवं लागू दे की. तोवर एखादा मासा गावतो," म्हणायचा. चौथं लागलं की दुखरा गुडघा धरून उठायचा आणि ते संपेतो काठावर असायचा. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

एकोणीस वर्षांपूर्वी एके दिवशी पाटबंधारे खात्याचे साहेब पाहुणे घेऊन आले. काका गाऊ लागले तसं कुणीतरी फिसकन हसलं. साहेब म्हणाले, "आमचा माणूस जरा गाण्यातला आहे." सगळे हसले. काकांचे कान तापले. तिसरं कडवं त्यांनी पुटपुटत संपवलं, चौथं गिळलं आणि चाक फिरवलं.

दादा सापडला तिसऱ्या दिवशी. नेहमीसारखा हलला नसेल, लोक म्हणाले. लोकांचं म्हणणं काकांनी तसंच राहू दिलं. पुढं दर खेपेला चौथं कडवं ते दोनदा म्हणू लागले. पण गिळलेलं कडवं काही बाहेर येईना.

आज ते वहिनींना सांगायचंच, असं ठरवून ते घरून निघाले होते. वाटेत तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा हवापाण्याचं बोलले.

भोंग्याची वेळ झाली तशा वहिनी पायऱ्या चढून वर आल्या. पाण्याची बाटली चाकाशेजारी ठेवली.

"वहिनी, मला एक सांगायचंय. त्या दिवशी मी..."

"भाऊजी," वहिनी पदर सावरत म्हणाल्या, "आज पाहुणे आहेत म्हणून लाजू नका. पूर्ण म्हणा."

आणि आल्या तशा खाली उतरल्या.

काका चाकाला धरून उभे राहिले. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी नदीकडेच उघडते. तिसरं कडवं लागलं की वहिनी दादाचं ताट घ्यायच्या, चौथ्याला वाढायच्या. त्या दिवशी ताट घेतलं असेल आणि चौथं आलंच नसेल. त्याच हातानं वाढलेलं ते एकोणीस वर्षं जेवत होते.

त्यांनी भोंगा वाजवला. मग गाऊ लागले, मोकळ्या गळ्यानं. मांडवात कुणीतरी हसलं. पहिलं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्याच्या तोंडाशी आवाज फुटेना. नुसते ओठ हलले.

तेव्हा खालून, छत्रीआडून, आवाज आला. सूर बेताचाच, पण वहिनींनी एक शब्द गाळला नाही. दुसऱ्या ओळीला काकांचा गळा त्यात मिळाला.

कडवं संपलं. इंजिनीअरबाईंनी हात वर केला. काकांनी दगडाकडे पाहिलं. दुखरा गुडघा धरून उठणाऱ्या माणसाला काठावर यायला जितका वेळ लागतो, तितका वेळ ते आणखी थांबले.

मग चाक फिरवलं.