मालकीणबाईंची तपकिरी बाटली

आमच्या मुलीला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण पाय फुटल्यापासून ती सरळ अशी चाललीच नाही. गिरक्या घेत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते आणि वाटेत जे येईल ते आडवं करते. या देशात येऊन सामान लावतो न लावतो तोच तिने फुलदाणी फोडली, नवऱ्याचा चष्मा वाकवला, आणि खालच्या मजल्यावरच्या मालकीणबाईंनी छताला केरसुणीचा दांडा ठोकला. तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. सव्वा वर्षाचं पोर, तिला कसं बांधून ठेवणार?

आता ती झोपते. सकाळी डोळा लागला की मी कामावरून परत येईपर्यंत झोपते. उठली की डोळे जड, ओठ कोरडे, पाय लटपटत असलेले. आणि छताला दांडा ठोकायची वेळ मालकीणबाईंवर येत नाही, कारण त्या वेळी भिंगरी त्यांच्याकडेच असते.

एवढं सांगितलं की माझ्या मनात काय आलं असेल ते कुठल्याही आईला कळेल. नवऱ्याला कळलं नाही.

"हवा बदलली गं," तो म्हणाला. "या उकाड्यात मलाही झोप येते."

"तू शीतगृहात काम करतोस."

"म्हणून तर जाग येते!"

तो मासळीच्या शीतगृहात यंत्रं सांभाळतो. दिवसभर बर्फात आणि संध्याकाळी बाहेरच्या उकाड्याच्या भट्टीत, त्यामुळे त्याचं नाक बारा महिने गळत असतं आणि त्याला कशाचाच वास येत नाही. माझं उलट. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आणि इथे बिस्किटांच्या कारखान्यात अर्ध्या दिवसाची नोकरी धरली. पुड्यावरचं लेबल तपासायचं. आत जे आहे ते सगळं बाहेर लिहिलंय ना, शेंगदाण्याचा कण जरी असला तरी नोंद आहे ना, एवढंच बघायचं. मला शंका घेण्याचाच पगार मिळतो म्हणा ना.

नोकरी मिळाली तेव्हा पोर कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न होता, आणि मालकीणबाई आपणहून म्हणाल्या, "माझ्याकडे ठेव. मी एकटीच तर असते." मी हरखले होते. आता वाटतं, आपणहून का म्हणाल्या? दुपारची झोप त्यांना प्राणाहून प्यारी. दुपारी फेरीवाला ओरडला तरी खिडकीतून त्याचा उद्धार करणारी बाई माझी भिंगरी कशी काय सहन करते?

मग मी बघायला लागले. बघायला लागलं की दिसतंच. त्यांच्या खाटेजवळच्या फळीवर, देवाच्या तसबिरीमागे, एक तपकिरी बाटली होती. लेबल नाही. मी गेले की त्या फोनवरचं बोलणं तोडायच्या. एकदा कामावरून आले तर माझ्या स्वयंपाकघरातलं कचऱ्याचं झाकण उलटं लावलेलं होतं. जादा किल्ली त्यांच्याकडे असते, गॅसची नळी बघायला आल्या असतील म्हणून नवऱ्याने सोडून दिलं. पण एकदा खिडकीतून मी स्वतः पाहिलं: भिंगरी झोपलेली, आणि मालकीणबाई तिचा फोटो काढतायत. हसऱ्या पोराचा फोटो कुणीही काढेल. झोपलेल्या पोराचा, तोही चेहऱ्याजवळ फोन नेऊन?

नवऱ्याच्या हाताखालच्या माणसाची बायको आमच्याच बाजूची. तिला आम्ही वहिनी म्हणतो, इथे आम्हाला तेवढंच माहेर. तिला फोन केला.

"अगंबाई!" वहिनी म्हणाल्या. "मी तुला सांगणारच होते. आमच्या आधीच्या शेजारणीकडची बाई पोराला थेंब पाजायची. पोर गप्प, बाई टीव्हीसमोर. रविवारी कशी असते गं भिंगरी?"

रविवारी भिंगरी अगदी पहिल्यासारखी असायची. रविवारी आम्ही सकाळीच बाजाराला नाहीतर समुद्रावर पळायचो. तेल लावून न्हाणं, गुटी, सगळ्याला सुट्टी. आणि मालकीणबाईंनाही सुट्टी. रविवारी माझं पोर गिरक्या घेत लाटांच्या अंगावर जायचं.

"बघ म्हणजे," वहिनी म्हणाल्या. "मी काही बोलत नाही. तू शिकलेली आहेस."

रात्री नवऱ्याला रविवारचं सांगितलं तर त्याने पहिल्यांदाच हवेचं नाव काढलं नाही. मग म्हणाला, "पुरावा लागेल. परका देश आहे. ती इथली, आपण करारावर आलेले. उद्या तिने उलटी तक्रार केली तर?"

पुरावा म्हणजे बाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरीला खाली पोचवायला गेले तेव्हा मालकीणबाई दूध घ्यायला फाटकापर्यंत गेल्या होत्या. मी तसबिरीमागे हात घातला आणि बाटली पर्समध्ये टाकली. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या घरातली वस्तू उचलली.

कारखान्यात लक्ष लागेना. एका पुड्यावर दुधाची नोंद नव्हती, ती माझ्या नजरेतून सुटली आणि साहेबीणबाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. डोकं दुखतंय म्हणून सुट्टी घेतली आणि रिक्षा करून घरी आले. दाराशी चपला काढल्या, आवाज न करता आत गेले.

मालकीणबाई खाटेवर बसल्या होत्या. भिंगरी आडवी. त्यांचं एक बोट तिच्या नाकाखाली होतं आणि दुसऱ्या हातात फोन.

"काय करताय तुम्ही?"

त्या दचकल्या नाहीत. हळूच मान वळवली. त्यांचं मोडकं इंग्रजी आणि माझं पुस्तकी इंग्रजी, त्यात हातवारे, असं आमचं बोलणं चालतं. पण त्या दिवशी शब्द न् शब्द कळला.

"आधी तू सांग," त्या म्हणाल्या. "आज काय दिलंस हिला?"

"मी? मी तुम्हाला विचारतेय!"

"मला काय विचारतेस? तू आणतेस तेव्हाच तिची मान पडलेली असते."

"न्हायल्यावर मूल पेंगुळतंच. तुम्हाला काय कळणार पोरांचं!"

हे बोलायला नको होतं. त्यांना मूलबाळ नाही. त्यांचा चेहरा एकदम मिटला. मी पोर उचललं, खांद्यावर टाकलं आणि जिना चढले. मागून त्यांचा आवाज आला, "उद्या पुन्हा अशी आणलीस ना, तर बघ!"

वर येऊन मी कडी लावली. तिच्यापाशी बसून राहिले. संध्याकाळी भिंगरी उठली, पाणी पाणी केलं, आणि नवरा आला तेव्हा पडद्याला लोंबकळत होती. मी त्याला म्हटलं, "उद्यापासून ती खाली जाणार नाही. नोकरी गेली तर गेली."

"आणि घर?"

"घरही गेलं तर गेलं."

तो नाक पुसत राहिला. मग म्हणाला, "बरं. एक दिवस घरी थांबून बघ."

थांबले. सकाळी तो गेल्यावर आतून कडी आणि वरून साखळी. जादा किल्ली असली तरी आता कुणी येणार नव्हतं. किती दिवसांनी मी घाई न करता भिंगरीला तेल लावलं, ऊन पाण्याने न्हाऊ घातलं. भाताची पेज भरवली. मग सहाण घेतली.

गुटी ही सासूबाईंची ताकीद. निघताना त्यांनी मुळ्यांची डबी माझ्या हातात दिली होती आणि म्हणाल्या होत्या, "परक्या हवेत पोरीला सोडू नकोस, दोन वर्षांची होईपर्यंत दे." इथल्या दमटपणाने त्या डबीला बुरशी धरली. वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, सगळं हिरवं पडलं, मी टाकून दिलं. राहिलं ते जायफळ, तेही नवऱ्याने इथल्या बाजारातून आणलेलं. इथे जायफळं झाडावरून उतरून आल्यासारखी ताजी मिळतात, जाड, तेलकट. बाकीच्या मुळ्या नाहीत म्हणून मी जायफळाचेच वेढे वाढवले होते. पोटाला काहीतरी आधार पाहिजे ना पोरीच्या.

उगाळलं, दुधात कालवलं, चमच्याने पाजलं. भिंगरी तोंड वाकडं करून प्यायली. तासाभरात झोपली.

मी तिच्याजवळ मासिक घेऊन बसले. मासिक कसलं, तिच्याकडेच बघत होते. छाती वर खाली होतेय. गाल लाल. मी म्हटलं, आता उठेल. आज तिला कुणीही काही दिलेलं नाही. आज उठेल.

ती उठली नाही. हाक मारली, तळवे चोळले. डोळे अर्धवट उघडले, पण माझ्यावर टिकले नाहीत. पाणी शिंपडलं तर नुसतीच कण्हली. आणि मला एकच गोष्ट दिसली: दाराची कडी. कडी लावलेली होती. साखळीही. आज या घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

मी सहाणेकडे पाहिलं. तिच्यावर तेलाचा ओला, तपकिरी गोल होता. घरच्या जायफळाने असा गोल कधी पडला नव्हता. सासूबाईंचं जायफळ जुनं, खडखडीत, कितीही उगाळा, पांढुरकी रेघ उमटायची. नाक जवळ नेलं आणि डोळ्यांत पाणी आलं, एवढा उग्र वास. रोज सकाळी हा वास माझ्या बोटांना होता. तो वास मला औषधाचा वाटला नव्हता, तर माहेरचा वाटला होता.

पोर उचललं, कडी काढली आणि पायऱ्यांवरूनच ओरडले, "मालकीणबाई!"

त्यांनी काही विचारलं नाही. भिंगरीकडे पाहिलं, गाडीची किल्ली घेतली, आणि गाडी अशी हाकली की चौकातला पोलीस शिट्टी वाजवत राहिला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी भिंगरीच्या पापण्या वर केल्या, नाडी धरली, ओठ पाहिले. "हिला काय दिलंय?"

"पेज," मी म्हणाले. "दूध."

"आणखी?"

मालकीणबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांच्या हातात तो फोन, फोनमध्ये ते फोटो. माझ्या पर्समध्ये ती बाटली. पर्स उघडून बाटली टेबलावर ठेवली असती तर डॉक्टरीणबाईंनी आधी मालकीणबाईंकडे पाहिलं असतं. नवरा म्हणाला होता, परका देश आहे. आईनेच पोराला गुंगी आणली हे एकदा कागदावर आलं, की पोर आईच्या हातात राहील का? माझा हात पर्सच्या चेनवर होता. खरंच होता.

"बोला लवकर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खोटी दिशा मिळाली तर माझा वेळ जाईल. हिचा वेळ जाईल."

"जायफळ," मी म्हणाले. "ताजं. उगाळून. मीच दिलं. रोज देते, रविवार सोडून."

"किती?"

मी बोटाने टेबलावर गोल काढून दाखवले. काढतच राहिले. मालकीणबाईंनी माझा हात धरून थांबवला.

भिंगरीला त्यांनी दिवसभर ठेवून घेतलं. नळी लावली, नाडी बघत राहिले. मला कुणी रागावलं नाही, पण खोलीत एकटीला तिच्याजवळ बसूही दिलं नाही. एक परिचारिका सारखी आत-बाहेर करत होती. मी तिच्या जागी असते तर तेच केलं असतं. नवरा शीतगृहातला जाड कोट अंगावर तसाच घेऊन धावत आला, घामाने निथळत. मी त्याला सगळं सांगितलं. तो बाकावर बसला आणि म्हणाला, "आणलं मीच ना ते. वास आला असता तर..."

बाहेर व्हरांड्यात मालकीणबाई बसल्या होत्या. मी शेजारी बसले.

"फोटो कुणाला दाखवणार होतात?"

"बहिणीला दाखवले. ती म्हणाली, लहान मुलांच्या सरकारी कचेरीत कळव." त्यांनी पदराने वारा घेतला. "मला वाटलं, तुझा नवरा झोपेच्या गोळ्या घेत असेल, त्याच तुम्ही हिला देता. नोकरीसाठी. कचऱ्यात पाकीट शोधलं मी."

"सापडलं?"

"बिस्किटांचे पुडे सापडले. किती खाता तुम्ही!"

मला हसू आलं आणि ते हसू मध्येच फुटलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, पाण्याचा पेला मात्र पुढे केला. मी तो नाकाशी नेऊन हुंगला. सवयच. त्यांनी ते पाहिलं.

"कळवणार होतात?" मी विचारलं.

"आज संध्याकाळी." मग म्हणाल्या, "डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा तू माझ्याकडे बोट दाखवशील असं वाटलं होतं."

मी पर्स उघडली आणि बाटली काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्या बघत राहिल्या. झाकण उघडलं. कापूर आणि लसणाचा असा भपकारा आला की समोरच्या बाकावरचा म्हातारा उठून गेला.

"माझ्या गुडघ्याचं तेल! काल रात्रभर मी याच्या नावाने रडतेय!"

"हे पाजत असाल असं वाटलं होतं."

"हे?" त्यांनी बाटली माझ्या नाकाखाली धरली. "हे पाजलं तर मेलेला माणूस उठून पळेल!"

दिवे लागायच्या सुमारास आतून काहीतरी आपटल्याचा आवाज आला. आम्ही तिघं एकदम उठलो. भिंगरीने खाटेशेजारचा स्टीलचा ट्रे ढकलला होता आणि परिचारिकेच्या टोपीकडे झेपावत होती.

सहाण आता माळ्यावर आहे. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या आधी म्हणाल्या, "आमची पोरं नाही का वाढली?" आणि मग विचारलं, "आता उठते ना वेळेवर?" वहिनींना अजून वाटतं की मी मालकीणबाईंना उगाच सोडलं.

भिंगरी पुन्हा खाली जाते. मी तिला पोचवायला गेले की मालकीणबाई दारातच तिचं तोंड हुंगतात, माझ्यादेखत, लाजबीज काही नाही. मीही आत डोकावून तसबिरीमागची बाटली जागेवर आहे ना बघते. मग त्या म्हणतात, "जा, उशीर होतोय," आणि मी फाटकाकडे जाता जाता कान देते. दोन गिरक्या, एक धडाम, आणि त्यांची शिवी. मग कामाला जाते.