शून्य धुराची गाडी

काकांच्या पुतणीला वाटलं होतं, त्यांची मोटरहोम म्हणजे पांढरीशुभ्र, रुंद काचांची, दार उघडताच ताज्या लाकडाचा वास येणारी काहीतरी चीज असणार. दूरदेशी शिकत असताना सहा वर्षं तिने माझा फोटो टेबलासमोर टाचून ठेवला होता. परत आल्यावर चपलाही न काढता ती तडक गोदामामागे आली. तिथे होते मी. एका अंगाला कललेली, दोन चाकं गवतात रुतलेली, आणि आतल्या मोरीत अंडी उबवत बसलेली एक कोंबडी. कोंबडीने तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि तोंड फिरवलं. घर बघायला आलेल्या भाडेकरूला नापसंत करावं, तसं.

मी एक जुनी मोटरहोम बोलतेय. अर्धा ट्रक, अर्धं बिऱ्हाड.

मला घडवलं एका फिटरने आणि एका सुताराने. दोघे साडू, आणि एका शिडीवरून दोघांत अबोला. शिडी कोणी कोणाची नेली, हे दोघांच्या बायकांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. फिटर सकाळी येऊन इंजिन बसवायचा, सुतार दुपारनंतर येऊन घर बसवायचा. मोरीचं पाणी बाहेर काढायला सुताराला नळी हवी होती. मागायची कोणाकडे? त्याने फिटरच्या धुराड्याचा उरलेला तुकडा गुपचूप उचलला, घासून चकचकीत केला आणि माझ्या पाठीमागे अगदी मधोमध, मिरवायच्या जागी बसवला. दुसऱ्या दिवशी फिटरने पाहिलं की मधली जागा गेली. रागारागात त्याने धुराची नळी वाकवली आणि पायरीखाली, चाकाच्या आड नेऊन सोडली. म्हणून माझं हे असं. खरकटं पाणी थाटात मागून जातं आणि धूर चोरासारखा कुशीतून.

काका-काकूंनी मला घेतलं तेव्हा त्यांचे केस काळे होते. वर्षातून एकदा ते समुद्राकडे जायचे. काकू गाडी चालू असतानाच भांडी घासायला घ्यायच्या आणि मागच्या मोटरसायकलवाल्यांच्या शिव्या खायच्या. काका रस्ता चुकले की म्हणायचे, "चुकलो नाही, बघतोय." तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. काकांनी मला गोदामामागे उभं केलं, किल्ली खिळ्याला टांगली आणि पुन्हा तिकडे फिरकले नाहीत.

आता या पुतणीला माझी हवाशाळा करायची होती. तिने शिक्षणच हवेचं घेतलं होतं. गावोगावच्या शाळांत मला न्यायचं, आत यंत्रं मांडायची, आपण काय श्वासात घेतो ते मुलांना डोळ्यांनी दाखवायचं. बोलायला लागली की तिचे कान लाल व्हायचे. तिकडच्या एका संस्थेचं नोकरीचं पत्र तिच्याकडे होतं, उत्तर द्यायचं बाकी होतं. इथे जमलं तर राहीन, नाही तर जाईन, असं तिने काकांना सरळ सांगितलं होतं. काका नुसतं "बरं" म्हणाले होते, पण त्या दिवसापासून त्यांनी कोंबडीला हाकलायला आणि माझं गवत काढायला सुरुवात केली.

उत्साहाच्या भरात तिने आधी मला रंगवलं. दोन्ही बाजूंना हिरव्या अक्षरांत लिहिलं: स्वच्छ श्वास, सर्वांचा हक्क. मग इंजिन सुरू केलं.

तीन वर्षांचा घसा होता माझा. एकदाच खाकरले. डाव्या बाजूचा सर्वांचा हक्क काळाठिक्कर पडला आणि शेजारच्या बाईंच्या दोरीवरच्या चार चादरीही. त्या बाई एक चादर घेऊन आल्या, दोन्ही हातांनी फैलावून धरली आणि शांतपणे म्हणाल्या, "हे तुझ्या शाळेतलं पहिलं चित्र का गं?"

तिने आपलं हवा मोजायचं यंत्र माझ्याजवळ आणलं. त्याने आकडा दाखवला नाही. नुसतं बंद पडलं.

पहिल्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी सोमवारचा दिवस दिला होता, पण धूर-तपासणीचा कागद दाखवल्याशिवाय फाटक उघडणार नाही, हेही बजावलं होतं. शिवाय नोंदणीवाल्यांची नोटीस आलेली: येत्या शनिवारपर्यंत पास न झाल्यास नोंदणी रद्द. नोंदणी गेली की माझ्यासारखीला एकच ठिकाण. तिथे एक माणूस वजनकाटा घेऊन बसतो.

काकांना मात्र काळजी नव्हती. त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. सलग अकरा वर्षांचे अकरा कागद. "एकदाही नापास नाही," ते म्हणाले. "आताही होणार नाही. तू उगाच जीव टांगणीला लावू नकोस."

तिचा विश्वास बसेना. तिने मिस्त्री बोलावला. त्याने माझ्या पोटात हात घातला. हवेच्या जाळीतून उंदराचं घरटं काढलं, तेल बदललं, डिझेलचे फवारे खोलून धुतले. ती त्याच्या शेजारी कोपरापर्यंत काळी होऊन बसायची आणि प्रत्येक नटाचं कारण विचारायची. चार दिवसांनी धूर काळ्याचा करडा झाला. मिस्त्री मिशीला पीळ देत म्हणाला, "ताई, पासष्टच्या आत आकडा लागतो. ही बया त्याच्या खाली उतरली तर मी मिशी काढीन." आपला पेशंट नापास होताना बघवत नाही म्हणून तो तपासणीला आलाच नाही.

शुक्रवारी आम्ही तपासणी केंद्रावर रांगेत लागलो. खिडकीतल्या बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं की हे घर आहे की गाडी. गाडी म्हणावी तर पडदे आहेत, घर म्हणावं तर स्टिअरिंग आहे. शेवटी त्यांनी फॉर्मवर "इतर" लिहिलं. याआधी "इतर"मध्ये एक रोडरोलर येऊन गेला होता म्हणे.

तपासनीस तीस वर्षांचा अनुभवी होता आणि त्याची कंबर त्याहून जुनी. तो वाकत नसे. ज्या नळीपर्यंत उभ्याने हात पोहोचेल तीच नळी, अशी त्याची पद्धत. माझी मागची चकचकीत नळी बघून त्याचा चेहरा खुलला. त्याने आपली तपासणीची कांडी तिच्यात सरकवली आणि ओरडून रेस वाढवायला सांगितलं. ती पुढे स्टिअरिंगला घट्ट धरून बसली होती. तिने डोळे मिटून पाय दाबला.

आकडा आला शून्य.

तपासनीसाने यंत्राला टपली मारली. पुन्हा शून्य. तिसऱ्यांदा शून्य. त्याने आतल्या साहेबांना बोलावलं, साहेबांनी खिडकीतल्या बाईंना. तोवर पायरीखालून माझ्या खऱ्या धुराचे लोळ उठत होते. सगळे खोकत होते, डोळे पुसत होते आणि कौतुकाने आकडा बघत होते. तपासनीस खोकत खोकत म्हणाला, "आधी तो मागचा ट्रक बाहेर काढा रे, या गाडीची हवा खराब करतोय." ट्रकवाला गयावया करून सांगत होता की त्याचं इंजिन बंद आहे, चावी खिशात आहे. त्याला रांगेच्या शेवटी पाठवलं.

कांडी बाहेर काढली तर टोकाला कोंबडीचं पीस. ते कुठून आलं, यावर थोडी चर्चा झाली. गाडीच पिसासारखी हलकी आहे, असं साहेबांनी ठरवलं. मला "आदर्श वाहन" असा गोल स्टिकर लावला आणि सगळ्यांनी माझ्या मागे उभं राहून तिच्या मोबाइलवर फोटो काढला. तपासनीस मधोमध, कांडी परत नळीत घालून, छाती पुढे काढून.

ती रडली. कागद छातीशी धरून, काजळीच्या हातांनी डोळे पुसत रडली. आणि मी? खरं सांगते, मला गप्प राहायला फार सोपं गेलं. गाडीला तसंही कोण विचारतं?

संध्याकाळी गोदामामागे मिस्त्री आला तो मिशी काढूनच. वरचा ओठ नवजात बाळासारखा दिसत होता. काकांनी खुर्च्या मांडल्या. ती आत येऊन मोरीत हात धुऊ लागली. बाहेर काकांनी "अरे, अरे" म्हणत पाय वर घेतले, कारण साबणाचं काळं पाणी त्यांच्या चपलांवर पडत होतं. ती मागच्या खिडकीतून वाकून बघायला लागली. पाणी चकचकीत नळीतून पडत होतं. तिने मोबाइल काढला. फोटो बघितला. नळी बघितली. परत फोटो बघितला.

मिस्त्री आपल्या ओठावरून हात फिरवत राहिला.

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

पहिल्या वर्षी माहीत नव्हतं, काका म्हणाले. दुसऱ्या वर्षी काकूंनी दाखवलं, आणि दोघं समुद्रापर्यंत हसत गेले. मग सवय झाली.

"मी कधी खोटं बोललो नाही," ते म्हणाले. "मला कोणी विचारलंच नाही."

"अकरा वर्षं मोरी पास होत होती, काका."

"होऊ दे की. कागद खरा आहे, शिक्का खरा आहे. सोमवारी शाळेत जा, मुलांना शिकव. तू चांगलंच काम करणार आहेस ना?" मग त्यांचा आवाज उतरला. "नापास झालीस तर तू जाशील. मग या आवारात मी आणि ती कोंबडी. ती तरी कुठे माझ्याशी बोलते."

तिने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. त्या मुलांना ती काय सांगणार होती, हे मला तोंडपाठ होतं. चार दिवस माझ्याखाली पडून ती तेच घोकत होती: जे दिसत नाही ते मोजायला शिका. मिस्त्रीने हळूच सांगितलं की खरी नळी तपासली तर आकडा सत्तरच्या आसपास येईल. कमी की जास्त, देव जाणे.

आज सकाळी केंद्र उघडायच्या आधीच तिने किल्ली फिरवली. मी पहिल्या झटक्यात सुरू झाले. एवढं तरी तिच्यासाठी करायलाच हवं होतं. काका दाराशी आले. बगलेत अकरा कागदांची फाइल होती. "परत द्यायचेच असतील तर सगळे देऊ," म्हणाले आणि शेजारी बसले. वाटेत तिने त्यांना सांगितलं की पास झालो तर सोमवारी शाळा. नापास झालो तर तिकडच्या पत्राला नकार कळवायचा, आणि शाळा पायी चालत जाऊन घ्यायची.

"म्हणजे काही झालं तरी राहणार?"

"रस्ता बघा, काका. वळण आलं."

आता मी केंद्राच्या फाटकापाशी, रांगेत पहिली उभी आहे. कालचा ट्रकवाला मागे आहे आणि त्याने आधीच तोंडाला रुमाल बांधलाय. ती "आदर्श वाहन"चा स्टिकर नखाने खरवडतेय. तपासनीस कंबर धरून येतोय. साहेब, मला पास करा, असं मी म्हणणार नाही. एकच विनंती आहे. आज एकदा वाका, आणि नळ्यांना हात लावून बघा. जी पोळेल, ती माझी.